दुखण्याचा भाव

डाव्या पोटरीवर निळी शीर फुगली, तेव्हापासून हुकमचंदशेठच्या जिवाला घोर लागला होता. परतूरच्या कापडदुकानात दिवसभर उभं राहायचं. पायच गेला तर गिऱ्हाइकांपुढे ठाण कोण उलगडणार? शेवटी बायको संतोषबाईंनी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात आणलं.

डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद पुढे केला. "दुखणं, जडपणा, रात्रीचे गोळे, खाज, सूज. प्रत्येकापुढे शून्य ते दहापैकी आकडा तुम्हीच लिहा. जितका त्रास, तितका मोठा आकडा."

शेठ विचारात पडले. पहिल्याच फटक्यात खरा आकडा सांगण्याचं पाप त्यांच्या हातून आजवर घडलं नव्हतं. आपण दहा म्हणायचं, समोरच्यानं दोन म्हणायचं, मग कुठंतरी मधे सौदा पटायचा. त्यांनी सगळीकडे दहा ठोकले आणि बाई घासाघीस कधी सुरू करतात याची वाट पाहत बसले.

बाईंनी घासाघीस केलीच नाही. "शेठजी, इतका त्रास अंगावर काढलात? जालन्याला चिठ्ठी देते. बहुतेक ऑपरेशनच लागेल."

शेठना दरदरून घाम फुटला. "ऑपरेशन? मॅडम, आठ लावा."

"म्हणजे?"

"बरं, सहा. तुमचं न्हाई, माझं न्हाई, पाच!"

"अहो, पाय तुमचा आहे. मी काय लावू?"

"तीन लिहा, मॅडम," मागे उभ्या असलेल्या संतोषबाई म्हणाल्या. "रातभर बिलकुल बेफिकीर घोरत असतेत हे. कशाचे गोळे अन् कशाचं काय!"

बाईंनी पोटरी नीट तपासली. घट्ट मोज्यांवर भागणार होतं. शेठचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात बाईंचं लक्ष संतोषबाईंकडे गेलं. त्या सारख्या या पायावरून त्या पायावर भार टाकत होत्या. "तुमचे पाय बघू."

"माझं काय न्हाई. शून्य."

बाईंनी साडी वीतभर वर करायला लावली. दोन्ही पायांवर शिरांच्या गाठी होत्या आणि घोटे सुजून चकाकत होते.

"हे शून्य?"

"मंग दोन लिहा."

बाईंनी सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं; खळगा तसाच राहिला.

"बरं, चार."

समोरच्यानं भाव न बोलता इतकं झरझर वर चढणारं गिऱ्हाईक शेठनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ऑपरेशनच्या नावानं वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

"मॅडम, हिचे दहा लिहा."

"अहो, सहा!" संतोषबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"न्हाई," शेठ म्हणाले. "आता एकबी कमी करायचा न्हाई."