ऑफा राजाची चौकशी

इसाकचाचांना कुणी जेवायला बोलावलं की ते आधी विचारत, "का?" ईदला शेजारच्या खोलीतल्यांनी बोलावलं तरी "का?" आणि मी गणपतीच्या मोदकांना बोलावलं तरी "का?" कारण पटलं तरी येत नसत. "ऑफाने पण बोलावलंच होतं," म्हणत आणि आपल्या स्टोव्हवर माशाचं कालवण ठेवत.

हा ऑफा म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीचा, इंग्लंडातल्या मर्सियाचा राजा. लग्नाची बोलणी करायला आलेल्या शेजारच्या राजाचं त्याने मुंडकं उडवलं, असं चाचांच्या पुस्तकात होतं. ते पुस्तक एक इंग्रज मॅनेजर जाताना टाकून गेला होता. चाचा डिक्शनरी घेऊन आठवड्याला एक पान वाचत, आणि एखाद्या ओळीचा संशय आला की पुन्हा मागे जात.

साठच्या दशकातली दुबई. खाडीकाठच्या एका कंपनीच्या गोदामात चाचा स्टोअरकीपर आणि मी टायपिस्ट. दोघेही रत्नागिरीचे, ते तिथल्या राजिवडा मोहल्ल्यातले. त्यामुळे माझ्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणजे संशय जरा कमी होता. तरी टाइपरायटरची फीत लवकर झिजते यावरून मी कुणालातरी चोरून पत्रं लिहितो, हे त्यांनी ताडलंच. लिहीत होतो, पण तो विषय वेगळा.

ऑफाचं राज्य त्यांनी फौजदारासारखं तपासायला घेतलं. "एकोणचाळीस वर्षं गादीवर! ये आदमी सीधा नव्हता, वसंता." ऑफाने सरहद्दीवर मैलोन् मैल मातीचा बांध घातला, हे वाचून चाचांनी दुसऱ्याच दिवशी खाटेभोवती रिकाम्या खोक्यांची भिंत उभी केली. सगळ्यात छळलं ते ऑफाच्या सोन्याच्या नाण्याने. नाण्यावर अरबी कलमा, आणि त्यात राजाचं नाव उलटं. पुस्तकातलं चित्र ते फिरवून फिरवून बघत. "कारीगरला अरबी येत नव्हतं म्हणे. खोटं! कुणीतरी मुद्दाम केलंय. त्याचा स्टोअरकीपर कोण होता?"

बाप मुलुखाला परतला की त्याच्या जागी मुलाला लावायचं, अशी आमच्या गोदामाची रीत होती. चाचांचा अन्वर राजिवड्यात कागदपत्रांची वाट बघत बसला होता. त्यामुळे असिस्टंट म्हणून जो येई, तो चाचांना त्या जागेवर टपलेला दिसे. एकाला त्यांनी खिळे चोरतो म्हणून घालवलं. दुसऱ्याला, "हा खिळ्यांकडे बघतसुद्धा नाही, म्हणजे डोळा मोठ्या मालावर आहे," म्हणून. त्या दुसऱ्याचं मला फार वाईट वाटलं. मी चिडून बोललो, तर म्हणाले, "ऑफाने पण मुलासाठी वाटेतले सगळे साफ केले. आपण जिवंत असतानाच मुलाला अभिषेक केला. बाप होता तो."

अखेर अन्वरचे कागद झाले. तो गुरुवारच्या बोटीने येणार होता, आणि तीच बोट बसऱ्याला जाऊन परत फिरली की तिने चाचा जाणार होते. मुलाच्या एकोणीस वर्षांत चाचा सगळ्या रजा मिळून वर्षभरही त्याच्याजवळ राहिले नव्हते. आता मधले हे आठ दिवस.

बुधवारी दुपारी ते पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले. "शेवटचं पान राहिलंय आणि टाइम नाही. तू वाच. ऑफा मेल्यावर मुलाचं काय झालं?"

मी वाचलं. मुलगा गादीवर बसला आणि पाच महिन्यांच्या आत वारला. चार ओळींत खलास. वर पाहिलं तर चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"राज्य केलं," मी म्हणालो. "बरीच वर्षं."

"एकट्याने? बाप नसताना?"

"हो."

"लोकांनी त्रास दिला?"

"नाही चाचा. सांभाळून घेतलं."

त्यांनी पुस्तक घ्यायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाले. त्या पानावरच्या चार ओळी तपासायची त्यांची हिंमत झाली नाही, हे मला कळलं.

चाचा उठले, पण गेले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले.

"अन्वर लाजरा आहे रे, वसंता. बरं नसलं तरी सांगायचा नाही. तू विचारत जा."

"विचारेन," मी म्हणालो. आधीचं खोटं बोललो होतो, त्यामुळे हे पाळणं भागच होतं.