घोरपड आक्काचे न धुतलेले मडके

एका जंगलात, मुलांनो, शिकून परत आलेले एक उदमांजर राहत होते. त्याचे नाव प्रबोध. बाकीची उदमांजरे जवळच्या ताडावर चढून शिकत. प्रबोध मात्र सात डोंगर आणि एक समुद्र ओलांडून थंड प्रदेशातल्या मोठ्या जंगलात गेला होता. तिथे त्याने चार वर्षे आंबवण्याच्या शास्त्राचा अभ्यास केला.

परत येताना त्याने फार सामान आणले नाही. एक पोते चहा आणि एक काचेची बरणी. बरणीत तपकिरी पाणी होते. पाण्यावर पांढरट, बुळबुळीत अशी एक चकती तरंगत होती.

त्याची आई गजरा ढोलीच्या तोंडाशी वाट बघत उभी होती. तिने मुलाच्या आधी बरणी पाहिली, कारण मुलाने आधी बरणीच पुढे केली.

"हे काय रे? बेडकाची गादी?"

"आई, ही कोंबुचाची आई आहे," प्रबोध म्हणाला. "गोड चहा करायचा, गार झाला की त्यात हिला सोडायची. पंधरा दिवसांत पेय तयार. पोटाला फार चांगलं. वर नवीन थर धरतो, तो सोलून दुसऱ्याला द्यायचा. तिकडे सगळे हिला आईच म्हणतात."

"चार वर्षांत एक निरोप नाही," गजरा म्हणाली, "आणि आलास तो दुसरी आई घेऊन."

मग तिने त्याला आंबील प्यायला दिली.

आता ही आंबील म्हणजे काय, ते सांगायला हवे. त्या जंगलात घरोघरी एक मडके असे. संध्याकाळी त्यात नाचणीचे पीठ कालवून ठेवायचे. सकाळी ते आपोआप आंबलेले असायचे. ते दुसऱ्या भांड्यात शिजवायचे, गार करायचे आणि प्यायचे. मडके मात्र कधी धुवायचे नाही. आंबिलीच्या मडक्याला पाणी दाखवू नये, असे तिथे म्हणत. का, ते कुणी विचारत नसे.

वैशाखात ओढा आटला की ससे, खारी, मुंगूस असे लहानसहान जीव गजराच्या दाराशी येत. ती सगळ्यांना वाटी वाटी आंबील देई. गजराच्या दारी कुणाला ऊन लागत नाही, अशी तिची ख्याती होती.

प्रबोधने वाटी रिकामी केली. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. चार वर्षे तो याच चवीला मुकला होता. मग त्याने मडक्यात डोकावून पाहिले. आतल्या बाजूला बोटभर जाड थर होता.

"आई, हे शेवटचं कधी धुतलंस?"

"मी? माझ्या सासूनंही नाही धुतलं."

त्या दिवसापासून प्रबोधला अन्न गोड लागेना. सारे जंगल आजारी आहे, हे त्याच्या ध्यानात आले. जंगलाला मात्र हे ठाऊक नव्हते. सगळे धडधाकट हिंडत होते. रोग किती खोल गेला आहे याचा प्रबोधच्या मते याहून मोठा पुरावा नव्हता.

त्याने ताडपत्रांवर सुवाच्य अक्षरात लिहिले, "आधी उकळा, मग आंबवा." ती पाने त्याने झाडाझाडावर लावली. मग तो दारोदार निघाला. प्रत्येक घरी मडके उकळून घ्यायचे, थर खरवडून टाकायचा आणि स्वच्छ मडक्यात कोंबुचा लावून द्यायचा, असे त्याने ठरवले.

साळिंदराच्या घरी साळूमावशी म्हणाली, "अरे, पण इतकी वर्षं आम्ही हेच पितोय. कुणी मेलं नाही."

"मावशी, मेलेले सांगायला येत नाहीत."

हे उत्तर इतके हुशार होते की मावशीने मडके चुलीवर चढवले. प्रबोधने यादीत तिच्या नावापुढे खूण केली.

अशी एकेक करत सगळ्या नावांपुढे खूण झाली. बाहेरच्यांत राहिली फक्त घोरपड आक्का.

घोरपड आक्का दिवसभर कातळावर उन्हाला पडून असे. तिची कातडी जाड होती आणि तिला कशाचीच घाई नव्हती.

"आक्का, तुमचं मडकं उकळायचं राहिलंय."

आक्काने एक डोळा उघडला. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशीही ती "उद्या ये" म्हणाली. अकरा दिवस प्रबोध जात राहिला. बाराव्या दिवशी त्याच्यातला सुधारक चिडला. त्याने एक मोठे ताडपत्र घेतले, त्यावर लिहिले, "या घरात अजून अंधार आहे," आणि ते तिच्या दाराशी ठेवून दिले.

स्वतःच्या घरचे मडके त्याने सर्वांत शेवटी घेतले. गजराने ते हातात धरले.

"नक्की ना रे?"

"आई, मी चार वर्षं हेच शिकलोय."

"मग तुलाच ठाऊक," ती म्हणाली आणि तिने मडक्यात उकळते पाणी ओतले. साऱ्या ढोलीत आंबूस, जुना वास भरला. प्रबोधने नाक दाबून धरले. पुढे त्याला हे नाक दाबणे बऱ्याचदा आठवले.

पहिला कोंबुचा छान झाला. जंगलाने तो शिस्तीत प्यायला. साळूमावशीने घोट घेतला आणि तिच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला.

"कसा वाटला, मावशी?"

"जाग आली," मावशी म्हणाली.

प्रबोधने हा अभिप्राय ताडपत्रावर लिहून लावला.

मग वैशाख आला. थंड प्रदेशात कोंबुचाला पंधरा दिवस लागत. इथल्या उन्हात चौथ्या दिवशीच त्याचा आंबटढाण शिरका झाला. दात आंबून जात. सशांची पोरे एकेक घोट घेऊन पोट धरून बसली. साळूमावशीने उरलेल्या कोंबुचाने आपले काटे पुसले. काटे फार सुंदर चकाकले, पण त्याने कुणाची तहान भागली नाही.

गजराने मुकाट्याने नाचणीचे पीठ कालवले. सकाळी पाहिले, तर पीठ जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशीही तसेच. तिसऱ्या दिवशी त्याला घाण वास सुटला. घरोघरी हीच गत झाली. मडकी स्वच्छ होती आणि आंबील नव्हती.

त्याच दुपारी सशाचे सर्वांत धाकटे पोर करवंदीच्या जाळीखाली पडलेले सापडले. त्याला ऊन लागले होते. पाणी पोटात ठरत नव्हते. गजराने त्याला ढोलीत आणले आणि त्याच्या कपाळावर ओली पाने ठेवली. गजराच्या दारी असे पूर्वी कधी झाले नव्हते.

ती प्रबोधवर रागावली असती तर त्याला उत्तर देता आले असते. उत्तरे त्याच्याकडे पुष्कळ होती.

तिने एवढेच विचारले, "त्या थराचं विरजण उरलं असेल का कुणाकडे?"

प्रबोधने यादी काढली. कुणाचे मडके कधी उकळले, याची त्याने चोख नोंद ठेवली होती. सगळ्या नावांपुढे खूण होती. एक सोडून.

भर दुपारी तो बरणी उचलून कातळावर गेला. पाय भाजत होते.

"आक्का."

"उद्या ये."

"उद्यापर्यंत सशाचं पोर राहायचं नाही, आक्का."

घोरपड आक्काने दोन्ही डोळे उघडले. मग ती कुणी कधी पाहिले नसेल इतक्या चपळाईने आत गेली आणि मडके घेऊन आली. मडक्यावर ताडपत्राचे झाकण होते. झाकणावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते, "या घरात अजून अंधार आहे."

"तुझं पान फार कामाचं निघालं," आक्का म्हणाली. "आत वारा जातो, माशी जात नाही. काय लिहिलंयस रे त्यावर? मला वाचता येत नाही."

प्रबोधने पानाकडे पाहिले. "झाकण, असं लिहिलंय," तो म्हणाला.

"बरं केलंस. भांडं आणलंयस?"

त्याने बरणी पुढे केली. आधी तिच्यातले पाणी ओतून दिले आणि चकती मातीत टाकली.

"ती तुझी आई ना?"

"नाही. आई घरी आहे."

आक्काने बरणी उन्हाला धरून पाहिली. "धुतलीस?"

"नाही."

"शहाणा झालास. हे वरचं आजचं आंबलेलं, ते शिजवून, गार करून पोराला पाज. घोट घोट, घाई नको. हे तळचं विरजण आईला दे."

संध्याकाळी सशाचे पोर उठून बसले आणि त्याने आणखी मागितली. आठ दिवसांत त्या एका मडक्याच्या विरजणावर साऱ्या जंगलाची आंबील पुन्हा लागली.

मग जंगलाची सभा भरली. प्रबोध माफी मागायला उभा राहिला. रात्रभर घोकलेले भाषण त्याने सुरू केले, इतक्यात साळूमावशी म्हणाली, "यंदाची आंबील दरवर्षीपेक्षा बरी लागतेय, नाही?"

"लागतेय खरी," ससा म्हणाला. "आक्काचं विरजण जुनं. सगळ्यांना एकाच चवीची मिळाली."

"मग दरवर्षी असंच करावं. वैशाखाआधी सगळ्यांनी मडकी उकळायची आणि आक्काकडून विरजण आणायचं."

"अहो, पण ती माझी चूक होती," प्रबोध म्हणाला.

"शिकलेले असेच नम्र असतात," साळूमावशी शेजारणीला म्हणाली.

तेव्हापासून त्या जंगलात दरवर्षी प्रबोधपंचमी साजरी होते. सगळे वाजतगाजत कातळावर जातात. प्रबोधला हार घालतात आणि चार शब्द बोलायला सांगतात. तो खरे काय झाले ते सांगतो. लोक टाळ्या वाजवतात. आक्कालाही बोलण्याचा आग्रह होतो. ती म्हणते, "उद्या."

गजराही त्या दिवशी चारचौघांसमोर मडके उकळते. पण आदल्या दिवशी ती थोडे विरजण करवंटीत काढते आणि ढोलीमागे लपवून ठेवते. प्रबोधला हे ठाऊक आहे. करवंटीवर झाकायला ताडाचे पान तोच आणून देतो. कोरे.

तात्पर्य : लहान चूक केली तर ती आयुष्यभर झाकत बसावी लागते. साऱ्या जंगलाला पुरेल एवढी केली, तर तिचा सण होतो. पण मुलांनो, एवढी मोठी चूक अडाण्याच्या हातून होत नाही. त्यासाठी आधी लांब जाऊन नीट शिकावे लागते.