सहा जोड बूट आणि एक काचेचं कपाट

एका जंगलात, बाळांनो, बिडाचे तवे ओतायचा कारखाना होता. मालक होता रंगराव अस्वल. कामाला सगळे गेंडे. त्यामुळे वितळलेल्या बिडाचे थेंब उडून जमिनीवर पडले, तरी कुणी हूं की चूं करत नसे. पंचाईत व्हायची ती पाहुण्यांची.

आणि पाहुणे तर रोज येत. तवा कसा होतो हे बघायची जंगलात भारी हौस. आत जाताना ऐटीत जायचे, बाहेर येताना एका पायावर.

फाटकावर साळोजी साळिंदर पहारा करायचा. अंगभर काटे, पण मन लोण्याचं. पाहुण्यांच्या भाजलेल्या पायांना कोरफड चोळून चोळून तो बेजार झाला होता. तीन वर्षं त्याने मालकामागे टुमणं लावलं, "मालक, पाहुण्यांसाठी जाड तळाचे बूट आणा हो!"

शेवटी सहा जोड आले. साळोजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो एक जोड उचलायला गेला, तर रंगराव खेकसला, "ठेव खाली! नवेकोरे बूट पाहुण्यांच्या पायात घालतोस? मळतील ना!"

बूट काचेच्या कपाटात गेले. किल्ली रंगरावाच्या करगोट्याला. पाहुणे कपाटापाशी थांबत, "वा, काय सोय आहे!" म्हणत आणि अनवाणी आत जात.

साळोजीची भुणभुण काही थांबेना. तेव्हा रंगराव म्हणाला, "हे बघ, अभिप्रायाची वही आहे ना? एका तरी पाहुण्याने लेखी तक्रार करू दे. त्याच दिवशी कपाट उघडतो. अस्वलाचा शब्द आहे."

खंडेनवमीला प्रमुख पाहुणे म्हणून वाघोबा आले. साळोजी हात जोडून म्हणाला, "मालक, आज तरी बूट काढा."

"पूजेला मांडलेली अवजारं हलवतात का रे?" रंगराव म्हणाला. बुटांना हळदकुंकू लागलं होतं. कपाटाला झेंडूचा हार होता.

वाघोबा अनवाणी आत गेले. थोड्याच वेळात अशी डरकाळी आली, की छपराचे पत्रे थरथरले. बाहेर आले ते साळोजीच्या गार पाण्याच्या बादलीत पाय बुडवूनच बसले.

साळोजीने वही पुढे केली. "साहेब, जे झालं तेच लिहा. तुमच्या एका ओळीने शेकडो पाय वाचतील."

वाघोबांनी फाटकाकडे पाहिलं. हरणं, माकडं हार घेऊन उभी होती. पायाला चटका बसला म्हणून वाघ कळवळला, हे वहीत राहिलं तर? त्यांनी लिहिलं, 'व्यवस्था चोख. बूट विशेष आवडले.'

आता मात्र साळोजीचा काटान् काटा उभा राहिला. तो तडक फाटकाबाहेर गेला आणि वळून पुन्हा आत आला. पाहुण्यांच्या नोंदीत स्वतःचं नाव लिहिलं. मग थेट भट्टीपाशी जाऊन एका लालबुंद थेंबावर पाय ठेवला, पोटभर बोंबलला आणि वहीत तक्रार लिहिली. तारीख, वेळ, कुठला पाय, सगळं.

रंगरावाने ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"तक्रार खरी आहे. अक्षरही सुरेख आहे. पण साळोजी, तू पाहुणा झालास तेव्हा फाटकावर कोण होतं?"

"कुणी नाही, मालक."

"म्हणजे तू गैरहजर. अर्धा दिवस खाडा मांडतो. आणि गैरहजर नोकराने कारखान्यात शिरून तक्रारी लिहायच्या नसतात."

त्याने ते पान फाडलं. साळोजी लंगडत फाटकावर गेला. तिथे सशांची सहल येऊन थांबली होती.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याचे पाय वाचवायला स्वतःचा पाय भाजून घेऊ नये. घ्यायचाच असेल, तर आधी रीतसर रजा टाकावी.