बॉल सोडून सगळं टिपणारे तिजारे सर

तिजारे सर आमच्या बास्केटबॉलच्या मॅचची फिल्म काढायचे, आणि त्या फिल्ममध्ये बॉल कधी दिसायचाच नाही.

लकडगंजच्या मैदानावरची सगळी गर्दी बॉलकडे पाहून ओरडतेय आणि सरांचा कॅमेरा भलत्याच टोकाला उभ्या असलेल्या पोरीवर! "बॉल काय, कोणाच्याही हातात जाते," ते म्हणायचे. "बॉल नसताना तू काय करून राहिली, ते पाहाचं आहे मले."

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सर दिवसा सरकारी कचेरीत कारकून, संध्याकाळी आम्हा मुलींचे कोच. परदेशी गेलेल्या कोण्या मामेभावाने मागे ठेवलेला, चावी देऊन चालणारा कॅमेरा होता त्यांच्याकडे. एका रिळात जेमतेम चार मिनिटं मावायची. रीळ धुवायला मुंबईला जायचं, परत येता येता दोन महिने. त्यामुळे दिवाळीतल्या चुकीची बोलणी आम्ही संक्रांतीचा तिळगूळ खात ऐकायचो. "इथं काहून थांबली वं?" आता मला काय आठवणार, कपाळ!

रविवारी दुपारी सरांच्या खोलीत भिंतीवर चादर टांगायची, खिडक्यांना घोंगड्या. एकटा जीव, पण आमच्या चहासाठी घरात पेले बारा. सर फिल्म उलटी फिरवत, तेव्हा पडलेली आमच्या टीममधली सुमन टुणकन उठून मागे मागे पळत जायची. आम्ही हसून लोळायचो. सर वहीत बाण काढत बसायचे.

मी त्या टीमची हीरोइन. म्हणजे असं मीच ठरवलं होतं. सगळ्यात जास्त बास्केट माझे, पण चादरीवर मी कशी? कमरेवर हात, तोंड वाकडं. एकदा तर चक्क वेणी घालताना. "सुमनले दोघींनी घेरलं, अन् महाराणी वेणी घालून राहिल्या!" सरांनी ते चारदा दाखवलं. चाळीसदा दाखवलं असतं तरी मला चूक दिसली नसती. उंची होती पाच फूट सहा. अक्कल गुडघ्याच्या वर चढलीच नव्हती.

मग लग्न ठरलं, सावनेरला. माझी शेवटची मॅच आम्ही जिंकलो. सर कॅमेरा छातीशी धरून आले. "रीळ येऊ दे. तुह्या सासरच्यांलेच बोलावतो. पाहतीन तरी, सून काय चीज आहे!"

सासूबाई चादरीसमोर आणि चादरीवर मी, कमरेवर हात ठेवून! लग्न मोडणार, याची खात्रीच पटली. उजेड लागला की फिल्म मरते, हे सरांनीच शिकवलेलं. ते कॅमेरा बाकावर ठेवून बॉल गोळा करायला वळले आणि मी त्याचं झाकण उघडलं. थोडीशीच ओढावी म्हणून ओढली, तर सगळीच बाहेर आली. उन्हातच ती कशीबशी गुंडाळून परत कोंबली.

"काय करून राहिली वं?" सुमनने विचारलं.

"धूळ पुसून राहिली."

रीळ कोरं आलं. "माह्यानंच झाकण नीट लागलं नसन," सर म्हणाले. "हात कापते आजकाल." त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्यात रीळ भरलंच नाही. रविवार बंद झाले. पोरी येत नाहीत, सर दुपारचे नुसते पडून असतात, असं सुमनने मला सावनेरला पत्रात कळवलं.

दोन वर्षांनी लेकीला कडेवर घेऊन मी सरांकडे गेले. खरं काय ते सांगून टाकायचं, असं वाटभर घोकलं होतं. पण सर इतके हरखले की बोलूच देईनात. त्यांनी लगबगीने चादर टांगली आणि तेच रीळ चढवलं.

चादरीवर नुसता पांढरा उजेड.

"शेवटची मॅच होती तुही," सर म्हणाले, "म्हणून पूर्ण रीळ तुह्यावरच लावलं होतं मी. हे पाह्य, इथं सुमन अडकली. तू पाहिलं. आता धावली... कोणी सांगतलं नाही, तरी धावली. तिच्यासाठी जागा केली. बॉल तुह्याकडं आलाच नाही, तरी तू हसली. पाह्य, हसली!"

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. सरांचं बोट मात्र चादरीवर न अडखळता फिरत होतं. कडेवरची लेक उजेडाकडे पाहून टाळ्या पिटू लागली.

"तिले दिसून राहिलं," सर म्हणाले.

चार मिनिटं संपली. घोकलेलं सगळं सांगायचं राहिलं, ते आजतागायत.

"पुन्हा लावू?" सरांनी विचारलं.

"लावा," मी म्हणाले.