एकमताच्या नगरीचे वर्तमान

श्रीगणराय आणि शारदा यांस वंदन करून, बाळगोपाळांनी वाचावे आणि वडिलांनीही कान द्यावा म्हणून नदीकाठच्या एका नगरीचे वर्तमान लिहिले आहे. शके एकोणीसशे चाळीस, विलंबी नाम संवत्सर, ते समयी नगरीची सूतगिरणी बंद पडली होती आणि माणसे पोटामागे परमुलखी जात होती. तेव्हां सखोपंत रेठरेकर नगराध्यक्ष जाहले. पंत मोठे सज्जन, चहादेखील घरचा पिऊन कचेरीत येत, आणि नगरीस पूर्ववैभव आणावे याखेरीज त्यांस दुसरा ध्यास नव्हता. या नगरीच्या सभेची एक चाल होती. शेजारच्या नगरांत सभासद एकमेकांवर खुर्च्या फेकीत, आणि येथे प्रत्येक ठराव एकमताने होई, मग पेढे वाटीत, आणि एक हात जरी खाली राहिला तरी पेढ्यांचा पुडा न सोडता परत करावा ऐसा शिरस्ता होता. तो पुडा आजोबांच्या काळापासून कधी परत गेला नव्हता, याचा सर्वांस मोठा अभिमान.

मग पंतांनी मनसुबा केला की, मोटारी गल्लीबोळांत अडकतात, तरी बसचे ठाणे नगराबाहेर थोरल्या रस्त्यावर न्यावे. ठाणे बहुत देखणे बांधिले, आणि उतारू तेथेच उतरून तेथूनच पुढच्या गावी जाऊ लागले. मग चौकात गुरुवारचा बाजार भरे, त्याची घाण फार, म्हणून बाजार टेकडीवर नेला, तेथे पत्र्याची छपरे घातली, आणि चौकात कारंजे उडविले. डोईवर पाट्या घेतलेल्या बायका एकदा टेकडी चढल्या, दुसऱ्यांदा चढल्या नाहीत. दोन्ही ठराव एकमताने जाहले, पेढेही उत्तम होते.

पुढे एके दिवशी पंत घरची तपेली कल्हईस घेऊन तांबट आळीस गेले, तो दारोदार कुलपे. गंगाराम करडे तेवढा एकटा उरला होता आणि तोही ऐरण उचलून टेम्पोत ठेवीत होता. पंतांनी विचारले, कोठे निघालास? गंगाराम म्हणाला, "जावयाकडं. बाजार नाही तर हंडा घेणार कोण? पंत, तुम्ही चौक इतका सुंदर केलात, की आता त्यात माणूस बरा दिसत नाही." पंत म्हणाले, "अरे, तुझा मेहुणा मारुती सभेत आहे. तो का बोलला नाही?" "तो कसा बोलेल? पुडा परत गेला असता, तर आळीत आम्हांला कोणी पाणी दिलं नसतं." पंतांनी त्यास हात धरून विनविले की सभा होईतो थांब. गंगाराम म्हणाला, टेम्पोवाला सोमवारपर्यंत थांबेल, मी त्याच्या भरवशावर.

पंत घरी येऊन जेवले नाहीत. अंबूताई, त्यांचे कुटुंब, म्हणाल्या, "चुकलं असेल तर मागे घ्या. त्यात काय एवढं?" पंत म्हणाले, सभेने एकमताने केले ते मी एकट्याने कैसे मोडू? कोणी एकाने नाही म्हटले पाहिजे, मग वाट मोकळी होईल. ऐसे बोलून त्यांनी एक युक्ति योजिली आणि सोमवारी सभा भरविली. ठराव मांडिला की, कारंज्याभोवती उंच भिंत बांधावी आणि तीस दार ठेवू नये. पंतांनी सर्वांच्या मुखाकडे आशेने पाहिले. एक सभासद उठले, पंतांचा जीव हरखला, आणि त्या सभासदांनी विचारिले की भिंतीस रंग कोणता? मग पंतांचा धरून सतराच्या सतरा हात वर जाहले, आणि शिपाई पुड्याची दोरी सोडू लागला. पंतांनी त्या दोरीकडे पाहिले. सन्मान, सवय, आजोबांची कीर्ति, सर्व त्या दोरीत बांधिले होते. मग त्यांनी उभे राहून शिपायास थांबविले आणि म्हणाले, "विरोधात एक मत लिहा. माझं."

कारकुनाने लेखणी खाली ठेविली. म्हणाला, "पंत, ठराव आपलाच आहे." पंत म्हणाले, "म्हणून तर मला ठाऊक आहे, तो किती मूर्खपणाचा आहे." मग मारुती तांबट खाली बघत बोलिला, "माझंही लिहा. बाजार हलवला तेव्हाच लिहायला हवं होतं." मग भीड मोडली, एक बोले, दुसरा त्यास खोडी, आणि त्या सभेत पहिल्याने भांडण जाहले. पंतांस ते सनईसारखे गोड लागले. तिन्हीसांजेस बाजार चौकात परत आणावा हा ठराव दहा विरुद्ध सात मतांनी जाहला, आणि पुडा हलवायाकडे परत गेला.

पंत पायीच तांबट आळीस धावले. टेम्पो सुरू होता. पंतांनी वर्तमान सांगितले, तेव्हां गंगाराम म्हणाला, "दहा विरुद्ध सात? म्हणजे खरंच विचार केला म्हणायचा." आणि टेम्पोवाल्यास म्हणाला, "बाबा, ऐरण उतरव. गुरुवार बघून मग ठरवू."

गुरुवारी चौकात बाजार भरला तो लहानच. बसचे ठाणे अद्यापि बाहेर आहे, त्यावर सभेत दर महिन्यास कडाक्याचे भांडण होते. नगरी बुडाली ती दुष्टांनी बुडविली नाही, भल्या माणसांनी हसतमुखाने बुडविली. आणि सावरू लागली ती एका भल्या माणसाने चारचौघांत आपल्याच विरुद्ध हात वर केला त्या दिवसापासून. ऐसे सखोपंत थोर जाहले. इतके वर्तमान येथे पुरे जाहले.