परुळेकरांचा आमदार

आखातात, करामा वस्तीतल्या आमच्या इमारतीत परुळेकरांच्या दारावर गणपतीशेजारी एक गोरा माणूस चिकटवलेला होता. टाय, भरपूर दात आणि खाली इंग्रजीत ‘मत द्या’. नवा पाहुणा हमखास विचारायचा, "हे कोण?" परुळेकर छाती फुगवून सांगायचे, "आमचे आमदार!"

हे आमदार अमेरिकेतले. पूर्वी इथल्या जबल अली बंदराच्या गोदामात ते परुळेकरांचे साहेब होते. मायदेशी परतून आपल्या राज्याच्या विधानसभेला उभे राहिले आणि चक्क निवडून आले. तेव्हापासून परुळेकर दर महिन्याला पत्रातून त्यांना सल्ले देत. ज्याला रजेसाठी मॅनेजरच्या पाया पडावं लागतं, त्यानं अमेरिकेतलं राज्य चालवावं, याचं मला हसू यायचं.

"हसा हबीबी," ते म्हणत, "पण तिकडे माझं ऐकतात!"

तिसऱ्या खेपेला साहेब पडले. शाळेच्या बस बंद करायचा ठराव आला, त्यांनी स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं आणि पक्षानं हात काढून घेतला.

मी म्हटलं, "खलास! आता फोटो काढा तो."

"का म्हणून? पडलाय, वाकला नाही!" त्यांनी फोटोला नवी चिकटपट्टी लावली.

साहेबांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असायचा: तू स्वतः कधी मत दिलंस का? परुळेकर बाविसाव्या वर्षी इथे आले. रजा आणि गावची निवडणूक कधी जुळलीच नाही. साहेब पडल्यावर मात्र ते इरेला पेटले.

"अहो, एका मतासाठी एवढं विमानानं जायचं?" वहिनींनी कपाळावर हात मारला.

"एकासाठीच!" म्हणाले आणि गेले.

आठवड्यानं परतले ते डाव्या हाताचं बोट उंचावूनच. नखाजवळ काळी शाई! अख्ख्या इमारतीनं अभिनंदन केलं. शुक्रवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली. परुळेकर दोन्ही हात साबणानं धुऊन आले, तर बोट स्वच्छ. माझी नजर त्यांनी टिपली.

"यादीत नाव नव्हतं," ते हळूच म्हणाले. "म्हणे, तुम्ही इथे राहत नाही. चार तास उन्हात उभा होतो हो."

मला गलबलून आलं. परुळेकरांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि बोटावर पुन्हा ठसठशीत रेघ ओढली.

"यादी चुकली," ते म्हणाले. "मी हजर होतो. वाढा आता!"