सॉफ्टवेअरची लेखिका

दत्तप्रसाद आठल्ये घरी आला तो बूटही न काढता थेट सोफ्यावर आडवा झाला. साधनाने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि गॅस बंद केला. बुटांसकट सोफ्यावर म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"काय झालं?"

"तुझं नाव छापून आलंय. डॉक्टर लोकांच्या जर्नलमध्ये. एका सॉफ्टवेअरची लेखिका म्हणून."

"वॉव, ममा! यू मेक सॉफ्टवेअर?" गृहपाठ करणारी ईशानी ओरडली.

"तू गप!" दोघंही एकदम म्हणाले.

शारजात रोल्ला चौकाजवळच्या ऑफिसात दत्तप्रसाद जर्नलच्या लेखांना संगणकासाठी खुणा लावायचा. लेखाच्या शेवटी जे संदर्भ असतात ना, त्यांत हे आडनाव, हे नाव, हे साल, असं एकेक दाखवून द्यायचं. पुस्तकांचं ठीक असतं, पुस्तकाला लेखक असतोच. पण २००२ सालच्या त्या अंकात दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या डॉक्टर सुजीत केळशीकरांनी चक्क एका सॉफ्टवेअरचा संदर्भ दिला. रक्तातल्या साखरेचे आलेख काढणारं काहीतरी होतं. त्याचं नाव होतं, आवृत्ती होती, साल होतं, लेखकाचा मात्र पत्ता नाही. सॉफ्टवेअरसाठी वेगळी खूण ऑफिसात नव्हतीच, तेही पुस्तकाच्याच साच्यात कोंबायचं. आणि तपासणीचा प्रोग्राम लेखकाशिवाय फाईल पुढे सोडेना!

अशा अडचणीसाठी मालक याकूबभाईंनी एक रीत पाडली होती. रिकाम्या जागी तात्पुरतं घरातलं नाव टाकायचं. "घर का नाम आँख में चुभता है, निकालना भूलोगे नहीं," ते म्हणत, आणि स्वतः आपल्या बेगमचं, नूरजहाँचं नाव टाकत. दत्तप्रसादने बायकोचं माहेरचं नाव टाकलं, साधना कानविंदे. पण मेल्याला ते खुपलंच नाही! इतक्या वर्षांच्या संसारात ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की पुन्हापुन्हा वाचूनही नजर त्यावरून घसरत गेली. फाईल गेली आणि अंक छापूनही आला.

"म्हणजे मी डोळ्यांत भरतच नाही का तुमच्या?" साधनाने विचारलं.

"अगं, ते नंतर भांडू! आज डॉक्टरांचा फोन आला. याकूबभाई म्हणाले, डॉक्टरसाब बहुत परेशान हैं, उस मॅडम से मिलना है. माझ्या तोंडून निघून गेलं, मिलवा देता हूँ. आता डॉक्टर तक्रार करणार, जर्नलवाले काम काढून घेणार, याकूबभाई मला हाकलणार. नोकरी गेली की व्हिसा खलास. ईशानीची शाळा अर्ध्यात सोडून बॅगा भरायच्या."

साधनाने त्याचे बूट ओढून काढले. मग म्हणाली, "उद्या जाऊन सरळ खरं सांगून टाकू. मीही येते. बायको समोर असली की माणसं जरा हळू ओरडतात."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शिरताच दत्तप्रसादने सुरुवात केली. "डॉक्टर, मी जर्नलच्या ऑफिसातून आलोय. आणि ह्या साधना कानविंदे."

डॉक्टर ताडकन उठले. त्यांनी स्वतः जाऊन दार लावलं आणि साधनापुढे हात जोडले. "मॅडम, आधी मला माफ करा!"

साधनाने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"ते सॉफ्टवेअर मी रीतसर घेतलेलं नाही हो. एका दुकानातून कॉपी केलेली सीडी आणली. तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं, म्हटलं, कोण विचारतंय? आणि जर्नल उघडतो तर तुमचं नाव! जेवण जात नाहीये मला. तुम्ही केस केलीत तर इथलं माझं लायसन्स जाईल."

"कसली केस, डॉक्टर!" दत्तप्रसादचा बांध फुटला. "ही माझी बायको आहे! हिला व्हीसीआरचं घड्याळ लावता येत नाही!" आणि त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. आधी त्यांना हसू आलं, मग डोळ्यांत पाणी. "सुटलो रे देवा! अहो, चूक माझीच, मी अर्धवट माहिती दिली. तुमच्या याकूबभाईंना मीच फोन करतो. खरी प्रत आजच मागवतो, आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापा. लेखक नकोच, आधी सॉफ्टवेअरचं नाव, मग आवृत्ती, साल आणि कंपनी. ह्यांचं नाव तेवढं काढून टाका, म्हणजे झालं!"

"इन्शाल्ला, लगेच काढतो!" दत्तप्रसादने त्यांचा हात दोन्ही हातांनी दाबला.

रस्त्यावर आल्यावर त्याला इतकं हलकं वाटत होतं की उगाचच एका अनोळखी टॅक्सीवाल्याला त्याने सलाम ठोकला. "यल्ला, चल साधना, आज जेवण बाहेर! वाचलो बघ!"

साधना त्याला मागे टाकून झपाझप पुढे निघाली.

"आता काय झालं?"

"काही नाही. माझं नाव खोडायचं ठरलं तर दोघांना केवढा आनंद! एकाने तरी विचारलंत, बाई, राहू द्यायचं का म्हणून?"

दत्तप्रसादने घाईघाईने टॅक्सीला हात केला.

"दुरुस्ती पुढच्या अंकात येणार ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग हा अंक उद्याच्या उद्या माझ्या आईला पाठवा."